अडतीस इंची टायर आणि बदामाचा मनोरा

हाफ्लिदीने खरं तर फक्त टायर बदलायचं ठरवलं होतं. गावातल्या प्रत्येकाच्या दारात उंचच उंच जीप, आणि आपली मात्र कारखान्यातून आली तशीच बुटकी! बंदरावरच्या कचेरीत दिवसभर शिक्के मारणाऱ्या माणसालाही काही स्वाभिमान असतोच. त्याने अडतीस इंची टायर आणले. ते चाकांवरच्या कमानीत मावेनात, म्हणून गाडी उचलावी लागली. गाडी उचलायची तर स्प्रिंगा नव्या हव्यात, स्प्रिंगा नव्या तर शॉकअप जुने कसे चालतील? आणि एवढं करतोच आहोत तर दुकानातल्या सगळ्यात कडक स्प्रिंगा का घेऊ नयेत? त्या मुळात चार माणसं, तंबू आणि पिंपभर डिझेल लादून हिमनदीवर जाणाऱ्यांसाठी होत्या. (हाफ्लिदी गाडी घेऊन सहसा दूध आणायला जात असे.)

गाडी आता इतकी उंच झाली की आत चढायला स्वयंपाकघरातलं निळं स्टूल लागू लागलं. हाफ्लिदी हार मानणारा नव्हता. त्याने स्टुलाला दोरी बांधली. चढायचं, दोरी ओढून स्टूल आत घ्यायचं, आणि उतरताना आधी स्टूल खाली सोडायचं. या शोधाचं त्याला टायरांपेक्षा जास्त कौतुक होतं.

पहिल्या फेरीला त्याने बायकोला नेलं. शाळेपुढचा गतिरोधक पार केला आणि तो आनंदाने नुसता फुलून गेला.

"कशी वाटली?"

"जीभ चावली माझी," आल्दीस म्हणाली. "दोनदा."

"अगं, रस्ता कळतो! जुन्या गाडीत रस्ता कळतच नव्हता."

"मला रस्ता कळून घ्यायचा नाहीये, हाफ्लिदी. मला दुकानापर्यंत जायचंय."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण त्या रविवारी त्यांच्या लेकीचं, हेर्दिसचं, चर्चमध्ये दृढीकरण, म्हणजे वयात येताना बाप्तिस्मा पक्का करायचा विधी, होतं आणि मागाहून मोठी जेवणावळ. जेवणावळ म्हटली की टेबलाच्या मधोमध बदामाच्या कड्यांचा मनोरा हवाच. खाली मोठं कडं, वर लहान, त्यावर आणखी लहान, साखरेच्या पाकाने चिकटवलेली. घराण्यातल्या प्रत्येक नातवंडासाठी हा मनोरा हाफ्लिदीच्या सासूबाई, ब्यार्ने, स्वतःच्या हातांनी रचत आल्या होत्या. हेर्दिस शेवटची. सासूबाई राहायच्या माळापलीकडच्या शेतावर, आणि मधला सगळा रस्ता खडीचा, पन्हाळी पत्र्यासारखा वळ्या पडलेला.

"आईला आणि मनोऱ्याला मी आणतो माझ्या डबड्यातून," आल्दीसचा भाऊ केतिल फोनवर म्हणाला. केतिल मासळीच्या कारखान्यात होता आणि त्याची गाडी इतकी बसकी होती की मांजरसुद्धा खालून वाकून जाई. "तुझ्या त्या उंटावरून आणलास तर मनोऱ्याचा चुरा होईल, दाजी."

झालं! एवढं ऐकल्यावर हाफ्लिदी गप्प बसतो होय?

"मीच आणणार," तो म्हणाला.

आल्दीसने हात कमरेवर ठेवले. "आण. पण नीट ऐक. मनोरा अखंड टेबलावर आला तर तुझ्या स्प्रिंगा राहतील. एक कडं जरी सुटलं तर गाडी पहिल्यासारखी बुटकी. आणि आईने केलेला हा शेवटचा मनोरा आहे, एवढं लक्षात ठेव."

रविवारी सकाळी सासूबाई काळ्या पारंपरिक पोशाखात, डोक्यावर गोंड्याची टोपी घालून, मनोरा धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं.

"यात बसायचं की यावर चढून कौलं शाकारायची?"

"चढा हो ब्यार्ने, आत गेल्यावर घरच्यासारखं वाटेल."

घरच्यासारखं वाटायला सासूबाईंचं घर भूकंपात असायला हवं होतं. माळावरची पहिली वळी लागली आणि गाडी थडथडथड नाचू लागली. रिकाम्या गाडीचं वजन त्या कडक स्प्रिंगांच्या खिजगणतीतही नव्हतं. त्या दबायलाच तयार नव्हत्या. टायर तर दगडासारखे फुगलेले. मनोऱ्याच्या टोकावरचा कागदी झेंडा उडून सासूबाईंच्या गोंड्यात अडकला.

"हाफ्लिदी," मनोरा पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "माझे दात अजून माझेच आहेत. मला ते तसेच ठेवायचेत."

"थोडं सोसा!"

"वरचं कडं हललं!"

हाफ्लिदीने गाडी थांबवली, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बर्फावर उतरण्याआधी सगळे काय करतात? हवा सोडतात! खडीवर का नाही सोडायची? चारही टायरांची त्याने फुस्स करून हवा सोडली, चांगली भरपूर, टायर पार गादीसारखे बसेपर्यंत.

आणि काय सांगावं! गाडी जी चालली ती लोण्यावरून चालल्यासारखी. थडथड बंद, कडी गप्प. सासूबाई चक्क गुणगुणू लागल्या. हाफ्लिदीच्या तर आनंदाला भरतीच आली. त्याने वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि वळणावर तशाच वेगात स्टिअरिंग फिरवलं.

फटाक्! पुढचा टायर रिमवरून निसटून लोंबू लागला.

सासूबाई मनोऱ्यासकट खाली उतरल्या आणि निळ्या स्टुलावर, शेवाळलेल्या दगडांमध्ये, राणीसारख्या बसल्या. "केतिलला फोन करू?"

"केतिलला? मुळीच नाही!" हाफ्लिदीचे डोळे चमकत होते. टायर असा निसटला की इथले पुरुष मेकॅनिक शोधत नाहीत. आत पेट घेणारा फवारा मारतात, लांबून जाळ दाखवतात, आणि धडाका होऊन टायर परत जागेवर बसतो. हाफ्लिदीने हे अनेकदा पाहिलं होतं, सांगताना तर स्वतःच केल्यासारखं सांगितलं होतं. करायची वेळ आज आली होती.

"कान झाका, ब्यार्ने!"

"माझ्या हातात मनोरा आहे, कान काय नाकाने झाकू?"

धडाम्! माळावरचे पक्षी एकदम उडाले. हाफ्लिदीची डावी भुवई थोडी करपली. पण टायर बसला होता, आणि सासूबाईंच्या हातातला मनोरा जसाच्या तसा!

"जमलं! जमलं हो ब्यार्ने!" तो नाचायचाच बाकी होता. त्याने पंपाने निम्मी हवा भरली, सासूबाईंना स्टुलावरून वर चढवलं, मनोरा हातात दिला, स्टूल आपल्या बाजूला नेऊन स्वतः टुणकन चढला आणि निघाला. निम्म्या हवेवर गाडी फार सुंदर चालली. सगळी गंमत टायरांमध्ये होती. स्प्रिंगा नुसत्या लाकडासारख्या ताठ बसून होत्या. (ही गोष्ट आल्दीसला कधीही सांगायची नाही, असं त्याने वाटेतच ठरवलं.)

चर्चशेजारच्या हॉलपुढे सगळे जमले होते. पांढऱ्या झग्यात हेर्दिस, कमरेवर हात ठेवून आल्दीस, आणि खिशात हात घालून केतिल. काचेतून मनोरा दिसला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अखंड! एक कडंसुद्धा सुटलं नव्हतं!

"आधी मला उतरव," सासूबाई म्हणाल्या.

"आधी मनोरा!" हाफ्लिदी म्हणाला. हा क्षण तो सोडणार नव्हता. त्याने मनोरा दोन्ही हातांनी उचलला, कोपराने दार उघडलं, केतिलकडे पाहून हसला आणि पाय सवयीने खाली स्टुलावर ठेवला.

स्टूल माळावर होतं. दोरी ओढायची राहून गेली होती.

हाफ्लिदी खाली पोचला तेव्हा मनोरा त्याच्या खाली होता, वर होता आणि कॉलरमध्येही होता. मग हेर्दिस वाकली, त्याच्या खांद्यावरचा एक तुकडा उचलून तिने तोंडात टाकला.

"आजी, मस्तच झालाय गं! पांढरा पाक तर एकदम भारी!"

"गाडीत अखंड होता!" हाफ्लिदी जमिनीवरूनच ओरडला. "स्प्रिंगांनी काही केलेलं नाही! सगळ्यांनी पाहिलंय!"

"मी टेबलावर म्हणाले होते," आल्दीस म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, पण रागाने नव्हे, हसू दाबताना.

"मला कोणी उतरवणार आहे का?" वरून आवाज आला.

स्टूल नाही, शिडी नाही, आणि सासूबाईंचे गुडघे उडी मारायच्या वयाचे राहिले नव्हते. केतिल शेजारच्या मासळीच्या कारखान्यात गेला आणि खोकी उचलायची फोर्कलिफ्ट घेऊन आला. तिच्या दोन दांड्यांवर फळी, फळीवर हॉलमधली खुर्ची. सासूबाई खुर्चीत बसल्या, गोंडा सारखा केला, आणि अलगद खाली आल्या. तशाच पटांगण ओलांडून चर्चच्या दारापर्यंत गेल्या. मांडीवरचा हात हलला नाही की टोपी सरकली नाही.

"काय सुरेख चालते रे ही!" त्या म्हणाल्या. "केतिल, हिला स्प्रिंगा कसल्या?"

"एकही नाही, आई. आणि टायर भरीव रबराचे, हवासुद्धा नाही."

सासूबाईंनी केसांतला पाक निपटणाऱ्या जावयाकडे मायेने पाहिलं आणि मग लेकीला म्हणाल्या, "आल्दीस, याला हीच घेऊन दे गं. दूध आणायला एवढी बास आहे."