अप्पांचा करपा

"पीक कसं आहे, अप्पा?" असं विचारलं की आमचे अप्पा तोंड कडू करून सांगायचे, "लई वाईट. सगळं हिरवंगार हाय."

महालिंगअप्पा माझे साहेब. देगलूरच्या बाजूला सरकारी शेतावर ते साळीच्या, म्हणजे भाताच्या, जाती तपासत. करपा हा साळीचा बुरशीचा रोग. त्याला कोणती जात पुरून उरते, हे शोधायचं. पण त्यासाठी आधी रोग यायला हवा, आणि तो यावा म्हणून अप्पा जिवाचं रान करत. गावोगावचं रोगट काड सायकलवरून आणत, कातरून रोपांवर पसरत आणि संध्याकाळी ओली पोती घालत, तान्ह्या बाळाला झाकावं तितक्या हळुवार हातानं.

"पाव्हणा नाजूक हाय," म्हणत. "वारं लागलं की रुसतो."

लातूर वेगळा जिल्हा झाला, ते कोरडे दिवस. मी लातूरचा, म्हणून अप्पा मला रोज टोचत, "नवा जिल्हा भेटला, थोडा पाऊस बी मागून घ्यायचा की!" दव पडेना, करपा येईना. गावकरी हसत, "दुनिया औषध मारून राहिली आन् हा बाबा रोग पेरून राहिला."

"रोग आल्याबिगर जात कळत न्हाई," हे अप्पांचं पालुपद. एकदा पंगतीत ते मोठ्यानं म्हणाले, तर शेजारचा माणूस ताट उचलून पलीकडे जाऊन बसला.

शेवटी एकदाचं धुकं पडलं आणि काही दिवसांनी पानांवर डोळ्याच्या आकाराचे राखी ठिपके उमटले. अप्पांनी पेढे वाटले.

तेवढ्यात बातमी आली, दूरच्या एका गावातही करपा पडलाय. काड मिळणार म्हणून अप्पा सायकल दामटत निघाले, मागे मी. बघतो तर बांधावर माणसं जमलेली. सुलोचनाबाई नावाची एक विधवा खाली मान घालून उभी, आणि तिचा दीर ओरडत होता, "हिनं पाय ठिवला आन् पीक करपलं! पानावर डोळे बघा. नजरच हाय ही! उद्याच हिला माहेरी घालवतो."

अप्पांनी सायकल बांधाला टेकवली. मग म्हणाले, "माझ्या शेतात चला. समदे चला."

बैलगाड्या भरून मंडळी आली. अप्पांनी त्यांना ओळींमध्ये उभं केलं.

"हे बघा डोळे. ही बाई हितं कधी आलती? हे म्या आणलं, ओली पोती घालून. आन् ही शेजारची ओळ बघा. तेच पाणी, तीच हवा, तरी हिरवी. दृष्ट काय जात बघून लागती व्हय?"

दीर खाली बसून एकेक पान उलटून बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ह्या हिरव्याचं बी भेटंल का?"

"भेटंल. पण तुमच्या वहिनीच्या हातात देईन. तिनंच पेरायचं."

"हाव," दीर म्हणाला. मग सुलोचनाबाईकडे न बघताच, "चला वहिनी, घरी चला."

कधी रजा न घेणारे अप्पा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमच्या लातूरकडच्या मुरुडला चलता का? काकू हाय माझी तिथं."

एसटीत त्यांनी सांगितलं. ते लहान असताना घरच्या साळीवर असेच डोळे उमटून लोंब्या पोचट निघाल्या, आणि विधवा काकूला असंच माहेरी घालवून दिलं. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं होतं. "पुढं शिकलो, समजलं. पण काकूसमोर तो विषय काढायला तोंड झालं न्हाई."

काकू अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. अप्पा समोर उकिडवे बसले आणि बुरशी, धुकं, करपा, सगळं सांगून मोकळे झाले. "काकू, तुझी नजर नव्हती ती."

"मला ठावं हाय की रे," काकू म्हणाल्या. "मी का माझ्याच साळीला नजर लावंन?" मग अप्पांच्या दाढीच्या पांढऱ्या खुंटांवरून हात फिरवत म्हणाल्या, "येवढ्यासाठी जन्मभर उन्हात हिंडून राहिला व्हय? लगीन बी केलं न्हाईस."

अप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं रांजणाकडे गेलो. परत आलो तेव्हा अप्पा शेंगा फोडत होते आणि काकू त्यांना रागे भरत होत्या, "अरं, दाणे हिकडं, फोलपटं तिकडं!"