वेताळाच्या सांगवीत व्हँपायर, संख्या एक

ज्या गोष्टीसाठी सरकारी तक्त्यात रकाना असतो, ती गोष्ट जगात असतेच. नसती तर रकाना कशाला पाडला असता? रामलिंग गुरुजींनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे सत्य अनेकदा पडताळून पाहिलं होतं. शाळेला बाग नव्हती तेव्हा बागेतल्या झाडांची संख्या विचारणारा कागद आला आणि आठवड्यात नऊ झाडं उभी राहिली. (कागदावर. पाणी घालणारी मुलंही कागदावर होती, त्यामुळे झाडं वाळली नाहीत.)

म्हणून 'लोककथा संवर्धन व अद्ययावतीकरण कक्ष' अशा भारदस्त नावाच्या नव्या कक्षाचं परिपत्रक बिलोली तालुक्यातल्या वेताळाच्या सांगवीत येऊन पोचलं, तेव्हा मुख्याध्यापक रामलिंग गुरुजी दचकले नाहीत. गावोगावची भुतंखेतं नाहीशी होत चालली आहेत, तरी मुख्याध्यापकांनी त्यांची गावनिहाय ऑनलाइन नोंद सात दिवसांत करावी, असा त्याचा आशय होता. विचार उदात्त होता. माणसांची गणना होते, गुराढोरांची होते, मग भुतांनीच कुणाचं घोडं मारलं होतं?

गुरुजींना उलट आनंद झाला, कारण या बाबतीत सांगवी खाऊनपिऊन सुखी गाव होतं. त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात यादी केली. वेशीवर वेताळ, एक. पिंपळावरचा मुंजा, एक (रस्ता रुंदीकरणात पिंपळ गेल्यापासून मुक्काम मोबाइलच्या टॉवरवर). ओढ्याकाठी चकवा, एक. बारवेत हडळ, एक. हिचं माहेर तेलंगणाकडचं असल्यामुळे ती झपाटलेल्याच्या तोंडून तेलुगूच बोलते आणि तिची समजूत घालायला देगलूरहून माणूस आणावा लागतो. एकूण चार, सर्व सुस्थितीत.

यादी भरायला बसल्यावर मात्र घोळ लक्षात आला. पोर्टलवर भुतांचे प्रकार तीनच होते : व्हँपायर, झोंबी आणि इतर. 'इतर'साठी तीन प्रत्यक्षदर्शींची शपथपत्रं आणि भुताचा स्थळदर्शक छायाचित्रासह पुरावा लागत होता. हडळीला फोटोला उभं राहा म्हणून सांगायला देगलूरचा माणूस तयार झाला नाही. गुरुजींनी चौघांनाही सोडून दिलं. झोंबीच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं, ते पोर्टलने निमूट घेतलं. व्हँपायरच्या रकान्यात शून्य लिहिलं, तर लाल अक्षरं उमटली, 'कृपया वैध संख्या भरा.' गुरुजींनी रकाना मोकळा सोडून पाहिला, आडवी रेघ मारून पाहिली, 'निरंक' लिहून पाहिलं. शेवटी मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने शांतपणे सांगितलं, की राज्यातल्या जनतेच्या पाहण्यात सर्वांत जास्त व्हँपायरच असल्याचं तज्ज्ञ समितीला आढळलं आहे. (समितीने हे स्वतःच्या घरी मोबाइलवर पाहून ठरवलं होतं.) तेव्हा प्रत्येक गावात किमान एक असतोच, सर, तुम्ही नीट शोधलं नसेल.

हा व्हँपायर असतो तरी कसा, हे गुरुजींनी पाचवीच्या वर्गात विचारलं. आधी वेताळ कसा असतो ते कोण सांगेल म्हटल्यावर दोन हात वर झाले होते, त्यातला एक लघवीला जाण्यासाठी होता. व्हँपायर म्हणताच सगळा वर्ग उभा राहिला. तो उंच असतो, गोरापान असतो, सुटाबुटात असतो, म्हातारा होत नाही आणि पोरी त्याच्या मागे लागतात, अशी माहिती मिळाली. गुरुजींना वेताळाची कीव आली. बिचारा पिढ्यान् पिढ्या अंगभर शेंदूर थापून वेशीवर उभा, आणि पोरींचं सोडा, नारळ फोडायलाही कुणी वेळेवर येत नाही.

सातव्या दिवशी तालुक्यातल्या मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर काम न केलेल्या शाळांची यादी पडली. तिच्यात तालुक्यातली एकूणएक शाळा होती, सांगवीसुद्धा, लाल रंगात. गुरुजींनी देवाचं नाव घेऊन रकान्यात 'एक' लिहिलं. त्याबरोबर आतून दुसरा तक्ता उघडला. नाव, गाव, मोबाइल क्रमांक, नोंद करणाऱ्याशी नातं आणि खाली प्रश्न. गुरुजी प्रश्न वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. तो त्यांचा जावई होता.

इथे थोडं मागे जायला हवं. जावई ईश्वरप्पा अहमदपूरजवळच्या खेड्यातला, घरची शेती पाहणारा, सहा फुटी आणि मानी. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालायचे, ही आपल्याकडची रीत. गुरुजींनी यंदा वेळ वाचवला आणि घरच्या व्हॉट्सॲप गटावर फुलांच्या चौकटीत 'सर्वांनी अगत्य यावे' असा निरोप टाकला. लेक शिल्पा चार दिवस आधी आली. ईश्वरप्पा आला नाही. सगळ्यांना मिळून बोलावणं म्हणजे कुणालाच न बोलावणं, सासऱ्याने तोंडाने 'या' म्हटल्याशिवाय त्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही, असा त्याचा निरोप आला. गुरुजींचं म्हणणं, निरोपापुढे दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे बोलावणं पोचलं. पंचाईत अशी, की बायकोला न्यायला नवऱ्याने यायचं असतं, आणि नवरा तर येत नव्हता. अनारसे केवळाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोने, शेजारीपाजारी वाटून टाकले. या गोष्टीला आता पाच महिने झाले होते. शिल्पा माहेरीच होती, रोज हसून बोलत होती, आणि तिचं हसणं पाहून गुरुजींना रात्री झोप लागत नव्हती. ही चूक आपली आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच जावयाचा जास्त राग येत होता.

आता प्रश्न पाहा. दिवसा झोपून रात्री बाहेर पडतो काय? होय. (पंपाची लाईट रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं?) डोळे लाल असतात काय? होय. चेहरा फिकट आहे काय? होय, रक्त कमी आहे. लाल रंगाचा द्रव पिताना आढळला आहे काय? होय. रक्त वाढावं म्हणून डॉक्टरने बिटाचा रस सांगितला होता. लसूण टाळतो काय? होय, पित्त होतं. आरशात दिसत नाही काय? गुरुजी इथे थोडे थबकले. मग आठवलं. ईश्वरप्पाच्या घरचा एकमेव आरसा त्याच्या आईने स्वतःच्या उंचीला लावलेला आहे, त्यात सहा फुटी माणसाच्या सदऱ्याची गुंडी तेवढी दिसते. बिचारा दाढीसुद्धा बाहेर करतो. होय.

आणि शेवटचा प्रश्न होता : आमंत्रणाशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाही काय?

'होय'वर गुरुजींनी बोट इतक्या जोरात दाबलं, की मोबाइलच्या काचेला जुना तडा होता तो वाढला. सातपैकी सात. 'आपली नोंद यशस्वी झाली आहे.' पाच महिन्यांत त्यांना पहिल्यांदा हलकं वाटलं. ते हलकेपण साधारण जेवणापर्यंत टिकलं. मग त्यांनी नोंद काढून टाकायचं बटण शोधलं. ते होतं, पण त्याला कारण द्यावं लागत होतं, आणि कारणं तीनच होती : छातीत खुंटी ठोकली, उन्हात जळाला, इतर.

जिल्ह्यात पहिली नोंद सांगवीची झाल्यामुळे पंधरा दिवसांत पडताळणीसाठी कक्षाच्या तज्ज्ञ आल्या. ऋतुजा मॅडम पुण्याच्या, वय सत्तावीस, अनुभव दांडगा. व्हँपायरवरच्या अकरा मालिका त्यांनी अथपासून इतिपर्यंत पाहिल्या होत्या, दोन तर सलग. त्या दारात दिसताच केवळाबाई आपल्या सवयीने म्हणाल्या, "या बाई, बसा, च्या घ्या." मॅडमनी आत येण्याआधी वही काढून लिहिलं, 'घरधनीण अनोळखी व्यक्तीला नाव न विचारता आत घेते. गाव अतिसंवेदनशील.'

चहा पिता पिता मॅडमनी सहज सांगितलं, की पडताळणीची सूचना पोर्टल संबंधित व्हँपायरलाही पाठवतं. गुरुजींची बशी हातातच राहिली. सूचना सकाळीच गेली होती : 'अभिनंदन! आपली नोंद व्हँपायर म्हणून झाली आहे. नोंद करणारे : रामलिंग गुरुजी, नाते : सासरे.'

रात्रभर पाणी देऊन दुपारपर्यंत झोपलेल्या ईश्वरप्पाने उठल्यावर ती वाचली, तोंड धुतलं आणि एसटी धरली. दोन गाड्या बदलून तो सांगवीत उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. उंच, पांढराफटक, लाल डोळ्यांचा माणूस अंधारातून घराकडे येताना पाहून ऋतुजा मॅडमचा पेन खाली पडला. ईश्वरप्पा उंबऱ्यापाशी आला आणि थांबला. आत आला नाही.

"मामा," तो म्हणाला, "म्या रगत पितो म्हणून लिवलंव का तुमी?"

"लाल द्रव म्हणून लिवलंय," गुरुजी म्हणाले. खरेपणा त्यांच्या रक्तात होता.

ऋतुजा मॅडम गुरुजींच्या कानाशी वाकून कुजबुजल्या, "सर, काहीही झालं तरी 'या' म्हणू नका. बोलावल्याशिवाय ते आत येऊच शकत नाहीत."

"तेच तर पाच महिने चालू हाय, मॅडम," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात शिल्पा आतून आली. हातात बॅग होती. ती दोघांच्या मधोमध उंबऱ्यावर उभी राहिली आणि आधी बापाकडे, मग नवऱ्याकडे बघत म्हणाली, "यांना बोलावलं न्हाई म्हणून हे येईनात. मला न्यायला आले न्हाईत म्हणून तुमी मला धाडीनात. मला काय पायजे ते दोघांपैकी एकानं तरी इचारलं का? अप्पा, उंबऱ्यात अडकलेलं भूत म्या हाय. माझी नोंद कामून केली न्हाई?"

पोर्टलपुढे, शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांपुढे, तालुक्याच्या गटापुढे कधी न ओशाळलेल्या गुरुजींना फार लाज वाटली. ते उठले, उंबऱ्यापाशी गेले आणि टोपी काढून म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. या, पाव्हणं. आत या."

ईश्वरप्पाचा मान तिथेच विरघळला. तो शिल्पाला म्हणाला, "माझंबी चुकलं. तू म्हणशील तर येतो." शिल्पाने तांब्याभर पाणी त्याच्या हातात दिलं, आधी पाय धुवा म्हणाली, आणि बॅग उचलून घरात ठेवली. मॅडमनी नोंद केली, 'आमंत्रणानंतरच प्रवेश. सिद्ध.'

त्या रात्री जेवायला लसणाचा ठेचा होता. पाच महिन्यांनी आलेला जावई पहिल्याच ताटाला नाही कसा म्हणणार? ईश्वरप्पाने ठेचा मागून खाल्ला. ऋतुजा मॅडमना आपला निष्कर्ष चुकल्यासारखं वाटलं. पण रात्रभर तो छाती चोळत अंगणात फेऱ्या मारताना दिसला, तेव्हा त्यांचं समाधान झालं. (पित्तावर शिल्पाने ताक दिलं. अहवालात 'पांढऱ्या द्रवाने शमन' असा उल्लेख आहे.)

सकाळी लेक-जावई पहिल्या गाडीने गेले. आरसा वर लावायचा, ही शिल्पाची एकमेव अट होती.

पुढे जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांनाही शून्य भरता येईना, तेव्हा मुख्याध्यापकांनी सांगवीची नोंद नमुना म्हणून मागवून घेतली. सध्याची आकडेवारी अशी : नोंदलेले व्हँपायर एक हजार चारशे बारा. पैकी जावई एक हजार तीनशे नव्वद, व्याही एकवीस, आणि एक केंद्रप्रमुख (हे नाव कोणत्या शाळेने भरलं याचा तपास सुरू आहे). वेताळ, निरंक. ईश्वरप्पाचं नाव अजून यादीत आहे, पण त्याची काही तक्रार नाही. रामलिंग गुरुजी आता सणावाराला स्वतः अहमदपूरची एसटी धरतात आणि दारात उभं राहून तोंडाने 'या' म्हणून येतात. एकदा तर काही कारण नसताना, न कळवता जाऊन उभे राहिले. विहीणबाईंनी ओळखायच्या आतच 'या, बसा' म्हटलं.

कक्षाचा दुसरा टप्पा शहरांसाठी आहे. त्यात मुख्याध्यापक नाहीत, वाचता येणाऱ्या प्रत्येकाने आपला तक्ता आपणच भरायचा आहे. रात्री उशिरापर्यंत जागता काय, डोळे लाल असतात काय, ऊन टाळता काय, हे प्रश्न सोपे आहेत, त्यांची उत्तरं तुम्ही मनात देऊनही टाकली असतील. शेवटच्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ घ्या. आधी फोन न करता, निरोप न टाकता, 'घरी आहात का' असं न विचारता कुणाच्या दारात जाऊन तुम्ही शेवटचं कधी उभे राहिलात? आठवत नसेल तर नाव आणि मोबाइल क्रमांक भरून ठेवा. शून्य घेत नाही.