जर्मनीचा एक गोल आणि माझी मिशी

मिशी पणाला लावायचा निर्णय मी चहाच्या दोन घोटांच्या मध्ये घेतला. (माझे सगळे मोठे निर्णय असेच झाले आहेत. लग्नाचा तर एकाच घोटात.)

नाशकातल्या 'गोदागर्जना' साप्ताहिकात मी उपसंपादक. छत्तीस साली बर्लिनला आपला हॉकीचा संघ अंतिम सामन्यात पोचला आणि आमचे संपादक रंगनाथराव यांना देशभक्तीचा झटका आला. कलेक्टरचा पट्टेवाला दिसला तरी गल्ली बदलणारा हा गृहस्थ. जर्मनी मात्र चार हजार मैल लांब, तेव्हा तिच्यावर दर अंकात तुटून पडायचा. सरावाच्या सामन्यात जर्मनांनी आपल्यावर चार गोल चढवले, ते आम्ही 'पाहुण्यांनी यजमानांचा मान राखला' असं छापलं. मी जन्मात हॉकीची काठी पाहिली नव्हती, म्हणून अंतिम सामन्याचा अग्रलेख माझ्याकडे आला.

"जिंकू असं सगळेच लिहितात," रंगनाथराव म्हणाले. "वाचणाऱ्याचं रक्त उसळलं पाहिजे."

मी लिहिलं, 'भारतावर एक जरी गोल झाला, तरी हा लेखक आपली मिशी उतरवील.' त्यांनी खाली माझं नाव आणि घरचा पत्ता घातला. स्वतःचं नाव घालायला जागा उरली नाही म्हणे.

सोमवारी मुंबईचे पेपर आले. शनिवारच्या सामन्यात आपण आठ, जर्मनी एक. गावात पेढे वाटले गेले आणि ते खातखातच मंडळी गोटीराम न्हाव्याला घेऊन माझ्या दारात आली. पुढे रंगनाथराव, स्वतःच्या झुबकेदार मिशीवरून हात फिरवत.

"आठ गोल आपले ना? मग हे हरले कसे?" हिने दाराआडून विचारलं.

"वहिनी, हा राष्ट्राच्या शब्दाचा प्रश्न आहे," रंगनाथराव म्हणाले.

"शब्द राष्ट्राचा, तर मिशी तुमची उतरवा. आमचे मामंजी येवल्याला ठणठणीत आहेत. बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावतं का कुणी? आणि गुरुवारी कमळावन्संच्या सुपारीला लासलगावची माणसं येताहेत."

कमळा माझी धाकटी बहीण. दोन ठिकाणचे नकार पचवून तिसऱ्या ठिकाणी कसंबसं जुळलं होतं. हिचं म्हणणं अगदी खरं होतं. पण दारात पन्नास देशभक्त उभे असले की बायकोचं खरं ऐकू येत नाही. मी गोटीरामसमोर बसलो.

गुरुवारी बाबांची गाडी मनमाडला रखडली आणि लासलगावची माणसं आधी पोचली. मुलाचे वडील फकिरराव माझ्या तोंडाकडे बघून उंबऱ्यातच थबकले.

"कधी झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

(मला वाटलं, चला, व्याह्यांनाही खेळाची आवड आहे.) "शनिवारी."

"लय तरास झाला का?"

"पहिला अर्धा वेळ जड गेला. मग धडाधड उरकलं."

"अन् तुमी काय केलं?"

"आम्ही पेढे वाटले. सगळ्या गावानंच वाटले."

फकिररावांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "सुतकात सुपारी फुटत नाय," ते म्हणाले. "अन् बाप गेल्यावर पेढे वाटणाऱ्या घरात तर आमी पाणीबी पीत नाय."

आतून कमळाचं रडणं ऐकू आलं. मला माझी लाज वाटली.

तेवढ्यात टांग्यातून बाबा उतरले. त्यांना बघून फकिरराव भिंतीला टेकले. बाबांनी माझ्या ओठाकडे पाहिलं.

"कोण गेलं रे?"

"तुम्ही," मी बोलून गेलो.

मग हिने पदर खोचून सगळं सांगितलं: जर्मनी, गोल, गोटीराम. फकिररावांचा विश्वास बसेना. "पेपरात दावा," ते म्हणाले. मी धावत जाऊन त्याच दिवशीचा ताजा अंक आणला. पहिल्याच पानावर टपोऱ्या अक्षरांत छापलं होतं, 'भारत आठ, जर्मनी शून्य.' देशाभिमानी अंकात शत्रूचा गोल शोभत नाही, म्हणून रंगनाथरावांनी तो छापता छापता काढून टाकला होता.

"गोलच नाय," फकिरराव म्हणाले. "मग बाप जित्ता असताना हे कशापायी?"

बाबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"पाव्हणं, आता लपवून काय करू? हा लहानपणी माळ्यावरून डोक्यावर पडला. तवापासून हे असं. पोरगी मात्र शहाणी हाय."

मी तोंड उघडलं, तर हिने मागून माझा सदरा ओढला.

फकिरराव मोकळे हसले आणि त्यांनी सुपारीचं ताट पुढे ओढलं.

"एवढंच व्हय? आवो, पेपरात लिवत्यात म्हणल्यावर आमी तेवढं धरूनच आलो होतो."