दोन माणसांचा फिल्टर

एका जुन्या डिझेल गाडीचा फिल्टर घरच्या घरी बदलला असता कोणकोणते अनर्थ ओढवले, त्यांचे यथातथ्य निवेदन प्रस्तुत कथेत करण्यात येत आहे. वाचकांनी ते शांत चित्ताने वाचावे व हसू आल्यास मोकळेपणाने हसावे. मात्र कथानायकाच्या वयाचा मान राखावा, एवढीच प्रार्थना.

वडगाव रासाईच्या शिवारात म्हस्कू कोकरे हे सद्गृहस्थ एकटेच राहत. त्यांच्या धर्मपत्नी गिताबाई दोन वर्षांपूर्वी निवर्तल्या होत्या. एकुलती एक कन्या सुषमा दौंडला नांदत होती. घरात बोलण्यास कोणी न उरल्यामुळे म्हस्कूआबा अंगणातल्या पांढऱ्या गाडीशी बोलत. गाडीही वयोवृद्ध असल्याने निमूट ऐकून घेई. तिच्या डाव्या आसनावर गिताबाईंची जागा होती. तेथे आबांनी अद्याप कोणालाही बसू दिले नव्हते. भाजीची पिशवीसुद्धा ते मागे ठेवत.

अशातच ती गाडी चढावर आचके देऊ लागली. ही वार्ता आबांनी फोनवर कन्येला सांगितली आणि तेथेच चूक झाली.

"आबा, विकून टाका ती!" सुषमा म्हणाली. "वाटंत बंद पडली म्हंजी कोण हाय तुमच्या संगं?"

"नुसता फिल्टर चोंदलाय गं. तिला काय धाड भरली न्हाई."

"मग उद्या जेवायला या हिकडं. गाडीनं आला तर गाडी राहिली. एसटीनं आला, तर हे गिऱ्हाईक बघतील. बोला, कबूल?"

"कबूल!" आबा तावातावाने म्हणाले आणि फोन ठेवल्यावर पुष्कळ वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

नवा फिल्टर त्यांनी शिरूरहून आधीच आणून ठेवला होता. जुना फिरवून काढला, नवा बसवला, हाताने आवळला. येथपर्यंत सर्व यथासांग झाले. परंतु फिल्टर बदलला की डिझेलच्या नळीत हवा शिरते, त्याला गावाकडे 'एअर धरली' असे म्हणतात. ती काढण्यासाठी एकाने इंजिनापाशी उभे राहून हातपंप दाबायचा आणि वरचा स्क्रू सैल करायचा. त्याच वेळी दुसऱ्याने आत बसून चावी फिरवायची, म्हणजे सेल्फ मारायचा. आबांनी पंपावर हात ठेवला आणि सवयीने आवाज दिला, "हं, दे!"

कोणीही सेल्फ दिला नाही.

इतकी वर्षे चावीवर गिताबाई बसत. 'दे' म्हटले की देत, 'बास' म्हटले की थांबत, आणि इंजिन सुरू झाले की दरवेळी म्हणत, "आला बरं का जीव!" हे काम दोन माणसांचे आहे, हे आबांना बोनेट उघडल्यानंतर, हात काळे झाल्यानंतर आठवले.

बांधापलीकडे श्री. ईश्वर शेंडगे झेंडू खुडत होते. तथापि त्यांच्याशी आबांचे बोलणे बंद होते. गिताबाईंनी बांधावर लावलेला शेवगा ईश्वर यांनी त्या गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तोडला, कारण झेंडूवर सावली पडत होती. तो कोणी लावला याची आपल्याला कल्पना नव्हती, असे ईश्वर आजही सांगतात.

तेव्हा आबांनी स्वतःच युक्ती योजली. चावीच्या भोकात उलथन्याचा दांडा अडकवला, चावी फिरवली आणि दांडा सुतळीने स्टेअरिंगला करकचून बांधला. सेल्फ कुरकुरत फिरू लागला. आबा धावत इंजिनापाशी आले आणि त्यांनी पंपाला हात घातला.

गिताबाई असत्या तर त्यांनी आधी विचारले असते, "गिअर काढलाय का?" गिअर काढलेला नव्हता.

गाडी एक हिसका देऊन पुढे सरकली. आबा एक पाऊल मागे झाले. गाडी पुन्हा सरकली. बोनेटचा जबडा उघडा ठेवून ती धन्याच्या अंगावर चालून येत होती आणि धनी पाठमोरे पावले टाकीत तिची समजूत घालत होते.

"ए, थांब! थांब की गं! अगं, मी हाय, मी!"

अंगण उताराचे होते. आबा मागे सरत आणि गाडी त्यांच्यावर चाल करत, अशी ही वरात बांधावरून थेट ईश्वर यांच्या झेंडूत उतरली. तेथे पाण्याच्या पाटात पुढची चाके रुतली, बॅटरीने शेवटचा सुस्कारा टाकला आणि सर्वत्र शांतता पसरली.

ईश्वर पाटी खाली ठेवून आले. ते स्वभावाने शांत गृहस्थ होते. परंतु अबोला असल्याने आबांशी बोलणे शक्य नव्हते. म्हणून ते झेंडूंना उद्देशून म्हणाले, "बघा रं फुलांनो, पाव्हणे आले. गाडी करून आले!"

आबाही गाडीला म्हणाले, "चुकलीस बाई. पण तू नुसतं आडवं पाडलंस. मुळासकट तोडायला माणूसच लागतो."

ईश्वर वाकून आडवी झालेली रोपे सरळ करू लागले. मग स्टेअरिंगला बांधलेले उलथने त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांना प्रथम हसू आले, आणि मग ते हसू मध्येच थांबले. त्यांच्याही चुलीवरचे उलथने अलीकडे ते स्वतःच धरीत. त्यांची पत्नी पुतळाबाई नातवाला सांभाळण्यास पुण्याला गेली होती आणि तिच्या परतण्याचे चिन्ह नव्हते.

त्यांनी ट्रॅक्टर आणला. साखळीने गाडी अंगणात ओढली. ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडल्या. मग ते जाण्यास वळले आणि तेथेच घुटमळले.

"उद्या दौंडला न्यायचीय," आबा गाडीकडे पाहत म्हणाले. "न्हाई गेली, तर विकणारेत हिला."

"मग चावीवर कोण बसणार, आबा?"

'आबा' हा शब्द जवळजवळ दोन वर्षांनी बांध ओलांडून आला होता. आबांनी फडक्याने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले.

"बस तू. पर 'दे' म्हणलं की द्यायचं, 'बास' म्हणलं की बास. मधी डोकं चालवायचं न्हाई."

"डोकं असतं तर तुमच्या शेजारी ऱ्हायलो असतो व्हय?"

"गिअर काढलाय का?"

"काढलाय," ईश्वर चावीपाशी बसत म्हणाले.

"हं, दे!... बास!... दे!"

स्क्रूतून फेसाळ डिझेल उसळले, मग बुडबुडे संपले. आबांनी स्क्रू आवळला. इंजिन दोनदा खोकले आणि धडधडत सुरू झाले. बांधापलीकडून इतकी वर्षे जे ऐकले होते, ते ईश्वर यांच्या तोंडून नकळत निघून गेले.

"आला बरं का जीव!"

आबा बोनेटमागून बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"काय झालं, आबा?"

"डिझेल गेलं डोळ्यात," आतून उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी आबा दिमाखात दौंडला गेले, पोटभर जेवले आणि संध्याकाळी गाडीनेच परतले. सुषमाने हार मान्य केली होती. परंतु अंगणात इंजिन बंद करताच घर पूर्ववत मुके झाले. पराक्रम सांगावा तर कोणास? आबा आसनावरून उठलेच नाहीत.

तेवढ्यात बांधावरून हाक आली.

"आबा, जेवून आलाव का? जरा हिकडं या. ट्रॅक्टरनं एअर धरली. चावीवर माणूस पायजे."

आबा गेले. त्यांनी वाकून पाहिले. ट्रॅक्टरच्या फिल्टरवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. वरचा स्क्रू मात्र सैल होता आणि त्यावर पान्याचा ताजा ओरखडा चमकत होता. आबांनी ईश्वर यांच्याकडे पाहिले. ईश्वर आभाळाकडे पाहत होते.

"लई एअर हाय," आबा गंभीरपणे म्हणाले. "एका दिवसात निघायची न्हाई ही."

"मंग रोज थोडी थोडी काढू."

"चहा टाक आधी," असे म्हणून आबा ट्रॅक्टरवर चढून बसले.

तो स्क्रू आपोआप सैल झाला की कोणी केला, याविषयी लेखकास पूर्ण माहिती आहे. परंतु ती येथे देणे त्यास उचित वाटत नाही. येथवर वाचण्याचे कष्ट घेतलेल्या सर्व वाचकांचे हात जोडून आभार.

आपला नम्र,
ईश्वर गेनबा शेंडगे
वडगाव रासाई, ता. शिरूर