तरे काकांचा डावा हात

तरे काकांचा डावा हात आमच्या अख्ख्या चाळीच्या मालकीचा होता. टेमघरच्या त्या चाळीत कुणी नवा साबण आणो, पावडर आणो, नाहीतर केसांचा रंग, आधी तो काकांच्या हाताला लागायचा. कोपराच्या आतल्या बाजूला जरासा लावायचा, वर धुतलेल्या फडक्याचा तुकडा, त्यावर चिकटपट्टी, आणि शेजारी बॉलपेननं खूण. दोन दिवस तिथं पाणी लागू द्यायचं नाही. हातावर 'पा' दिसला की समजायचं, पाटीलबाईंची पावडर परीक्षेला बसली आहे.

सुताला खळ लावतात त्या एका सायझिंगमध्ये काका स्टोअरकीपर होते. शर्टाची उजवी बाही मनगटापर्यंत, बटण लावलेली. डावी मात्र बारा महिने कोपराच्या वर गुंडाळलेली, लग्नाकार्यातसुद्धा. कुणी घाई केली की ते म्हणायचे, "थांब. हाताला विचारू दे." किराणावाल्याला त्यांनी अगदी जेरीला आणलं होतं. साबणाचं वेष्टण उलटंपालटं करून ते विचारायचे, "सुगंधी लिहिलंय. कशानं सुगंधी, ते कोण लिहिणार?" किराणावाला बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

एकदा तळमजल्यावरचे अन्सारीचाचा केस काळे करायचा खिजाब घेऊन वर आले. त्यांचे कापड विणायचे चार लूम होते, आणि दुसऱ्या दिवशी मुलाचं लग्न होतं.

"तरेभाई, कल बारात है. और आपका हाथ परसों बताएगा."

"तो बारात परसों रखो," काका शांतपणे म्हणाले.

चाचांनी हसत हसत जाऊन खिजाब लावला. सकाळी त्यांचे डोळे उघडेनात, कान भज्यांसारखे फुगलेले. दिवसभर तोंडाला रुमाल लावून ते वरातीत फिरले. मुलाच्या लग्नात बापाला एवढं रडू येतं, याचं पाहुण्यांना फार कौतुक वाटलं. त्यानंतर चाळीत काकांच्या हाताचा शब्द कुणी मोडला नाही.

काका पन्नाशीचे होते आणि एकटे राहायचे. त्यांची बायको जवळच, वळ गावी, माहेरी असते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आम्ही मुली आपसांत म्हणायचो, तिलाही चिकटपट्टी लावायला गेले असतील, म्हणून पळाली. या विनोदाची मला आजही लाज वाटते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते. चिकटवायच्या टिकल्यांची पाकिटं तेव्हा सगळीकडे मिळायची. कुंकवाची कटकट नको म्हणून मीही टिकली लावायला लागले. इवलीशी टिकली, ती कशाला काकांच्या हाताला दाखवायची? काही महिन्यांनी कपाळाला खाज सुटली. मग टिकलीखाली मसुरीएवढा फिकट ठिपका दिसला आणि बघता बघता तो पांढरा झाला.

आईनं पाहिलं आणि दार लोटून घेतलं. "कोड," एवढंच म्हणाली.

पुढच्याच महिन्यात पूर्णा गावची माणसं मला बघायला यायची होती. ही गोष्ट बाहेर गेली तर माझं तर राहोच, धाकट्या बहिणीचंही लग्न जमणार नव्हतं. आईनं मोठ्या टिकल्यांचं पाकीट आणलं. डाग टिकलीबाहेर डोकावला तशी त्याहून मोठी आणली. आम्ही दोघी शहाण्या बायका तो डाग झाकत होतो, आणि तो आमच्या टिकलीच्या मापानं वाढत होता.

एका संध्याकाळी काका जिन्यात भेटले. "सुनंदा, तुझी टिकली वाढत चाललीय."

"फॅशन आहे, काका."

"काढ." एरवी कोणाला अरेतुरे करतानाही सांभाळून बोलणारा माणूस हा. मी तिथंच टिकली काढली. काका डागाकडे बघत राहिले आणि मग जिन्याच्या पायरीवर बसले. "उद्या ठाण्याला चल. माझ्या डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी भिंगातून डाग पाहिला, पाकीट हुंगलं. हे कोड नाही म्हणाले. टिकलीच्या डिंकात असं काही असतं की काहींच्या कातडीचा रंगच जातो. टिकली बंद करा. रंग परत येईल, कदाचित येणारही नाही.

आईनं देवापुढे साखर ठेवली. पण पाहुणे यायच्या दिवशी ती मोठ्या टिकल्यांचं पाकीट घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "एक दिस लावलीस तर मरत न्हाय." आणि मी लावली. मला ते स्थळ हवं होतं.

शेजारचे वडीलधारे म्हणून बाबांनी काकांना बोलावलं होतं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. काकांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हातातली बशी खाली ठेवली. मग मला तिथं उभं राहवेना. मी टिकली काढली.

"ह्यो कसला डाग?" मुलाच्या आईनं विचारलं.

काका म्हणाले, "कोड नाही. टिकलीच्या डिंकानं झालंय."

"तुमी डाक्टर हाव?"

"नाही. माझ्या बायकोला हेच झालं होतं."

काका जमिनीकडे बघत बोलत होते. "माझ्या आईनं तिला अशाच मोठ्या मोठ्या टिकल्या लावायला लावल्या. झाकेना, तेव्हा माहेरी धाडलं. मी दारातच उभा होतो. काही बोललो नाही. वर्षानं डॉक्टर म्हणाले, हा डिंकाचा डाग. मी धावत वळ गावी गेलो. ती म्हणाली, डाक्टरनं सांगितलं म्हून आलात. कोडच असतं तर?"

काकांनी मान वर केली. "मला उत्तर देता आलं नाही. ती परत आली नाही."

मुलाच्या आईनं पदर सावरला. "ते खरं, पन हा डाग जाईल ना?"

सगळे काकांकडे बघायला लागले. आईच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त.

"सांगता येत नाही," काका म्हणाले.

आईनं तोंडाला पदर लावला. आता हे लोक उठणार, मी पायांकडे बघत मनात म्हटलं. तेवढ्यात मुलानं बशी उचलली. "न्हाय गेला तर न्हाय," तो म्हणाला. "आये, खा की. पोहं गार झालं."

त्याच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं चमचा हातात घेतला.

काका उठून गॅलरीत गेले. मी पाण्याचा पेला घेऊन मागोमाग गेले. खाली लूम चालू होते, त्यामुळे त्यांचा आवाज आधी मला ऐकूच आला नाही. कठडा धरून ते उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"तो पोरगा बोलला ना, एवढंच बोलायचं होतं गं मला तेव्हा," ते म्हणाले. "एवढंच."