ओकादासानचं शामिसेन

कुकरची दुसरी शिट्टी झाली की शेजारच्या ओकादासान येऊन माझं दार बडवतात. वय ऐंशीच्या घरात, उंची माझ्या खांद्याएवढी, पण राग सात मजली. "वाफ येते," म्हणतात. कावासाकीत, भाड्याच्या का होईना, माझ्या घरात मी वरणभात करायचा नाही? नवरा म्हणतो, सोडून दे. त्याचं काय जातंय, तो सकाळीच ट्रेन पकडून टोकियोला पळतो.

या बाईंकडे एक शामिसेन आहे. लांब दांडीचं, तीन तारांचं वाद्य. खालच्या चौकोनी खोक्यावर कातडं ताणून बसवलेलं. दमट हवेत ते सैल पडतं, कोरड्या हवेत फाटतं. बाळंतिणीचे नसतील एवढे त्याचे लाड. वाजवून झालं की तारा पुसायच्या, सैल करायच्या आणि कीड लागू नये म्हणून हळदीत रंगवलेल्या कापडात गुंडाळायचं. हे सगळं मला दहादा सांगून झालं की वर, "हात लावू नकोस."

त्यांचा मुलगा नागोयाला असतो. आईनं आता आपल्याकडे यावं, पण वाद्य आणू नये, म्हणतो. शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणे. मग शामिसेन कुणाला द्यायचं, यावरून मायलेकांची फोनवर रोज जुंपते. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं.

मध्यंतरी ओकादासान डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या आणि शामिसेन माझ्याकडे ठेवून गेल्या. नेमक्या तेव्हा पुण्याहून सासूबाई आलेल्या. मी ऑफिसात. त्यांनी ते पिवळं कापड बघितलं, "केवढी हळद सांडलीय" म्हणत साबणानं खसाखसा धुतलं. लाल झालं, तसं गॅलरीत कडक उन्हात घातलं. संध्याकाळी पांढरंफटक कापड माझ्या हातात देऊन वर मलाच, "परक्याची वस्तू अशी ठेवतात का गं?" मी कपाळावर हात मारून घेतला.

ओकादासान परतल्या. एका डोळ्यावर पट्टी, पण दुसऱ्यानं त्यांनी मला जाळलंच. सासूबाईंना जपानी येत नाही, पण शिव्या कळतात. त्यांनी पातेल्यात पाणी उकळलं, हळदीचा डबा आणला आणि कापड बुडवलं. "अजून घाला," ओकादासान जपानीत. "पुरे, नासेल," सासूबाई मराठीत. दोघींची अशी जुंपली की मला कुणी विचारेना.

कापड निघालं तसं मी शामिसेन आणून पुढे केलं. न्या बाई एकदाचं. त्यांनी घेतलं नाही.

"पुढच्या महिन्यात मुलाकडे जाते. हे इथेच राहू दे."

"मला वाजवता येत नाही," मी भडकले. "आमच्याकडे वाफ, आरडाओरडा, सगळंच आहे."

"तिकडे दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही. अशा घरात वाद्य मरतं."

"आणि माणूस?" मी रागानंच विचारलं.

त्या ओलं कापड पिळत राहिल्या. मग ते माझ्या हातात कोंबलं आणि उन्हात नको, सावलीत वाळत घाल, म्हणून माझ्यावर ओरडल्या. मी मुकाट्यानं घातलं.