छोट्या गटातला पाहुणा

दारात उभा असलेला माणूस एवढा मोठा होता, की दार सताड उघडूनही बाहेरचा उजेड आत येईना.

चष्मेवाल्यांनी आधी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. त्यांची बायको तर पाहुण्याच्या काखेखालून वाकून जिन्यात डोकावली. जिना रिकामा होता. खाली पाहुण्याला सोडायला आलेली गाडी भुर्रकन निघून गेली.

"मूल कुठंय?" बायकोनं विचारलं.

त्या माणसानं छातीवर रुळणारी दाढी सारखी केली, पाठीवरची भली थोरली काळी पेटी अलगद खाली ठेवली आणि आठवून आठवून म्हणाला, "फार सुंदर."

प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण बायकोचाही प्रश्न चुकीचा नव्हता. शहरात आंतरराष्ट्रीय अकॉर्डियन स्पर्धा भरली होती. तिच्यात दोन गट. व्यावसायिक वादक हॉटेलात उतरणार आणि छोट्या गटातली मुलं लोकांच्या घरी. चष्मेवाल्यांची मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घरात तीन माणसं उरली होती: ते, बायको आणि त्यांची थोरली बहीण अक्का. तिघं जेवायला बसली की फक्त चमच्यांचा आवाज यायचा. त्यामुळे समितीच्या बाई दुकानात चष्म्याची मोडलेली काडी बसवायला आल्या आणि "एखादं मूल ठेवून घ्याल का?" म्हणाल्या, तेव्हा चष्मेवाल्यांनी तोंड उघडायच्या आत बायको हो म्हणून मोकळी झाली होती. अकरा वर्षांचं मूल येणार म्हणून तिनं लेकीची जुनी खोली झाडून-पुसून घेतली, चांदण्यांची चादर घातली. बाईंनी सांगितलेले नियम तर तिला तोंडपाठ होते: झोपताना कोमट दूध, नऊला दिवा बंद, रस्त्यावर एकटं सोडायचं नाही.

"हा बाप असणार," चष्मेवाले म्हणाले.

"मग पोर कुठंय? अहो, बापाला पाठवून पोर स्टेशनवर विसरले की काय?"

"बापच विसरला असेल. कलावंत माणूस."

बायकोनं दोन्ही हातांचा पाळणा करून झुलवून दाखवला. "बाळ! बाळ कुठंय?"

पाहुण्याचा चेहरा एकदम फुलला. त्यानं पेटी उघडली आणि आतलं लालभडक अकॉर्डियन तान्ह्या लेकरासारखं उचलून तिच्यापुढे धरलं.

"मेलं, याला काही कळत नाही!" बायको रडकुंडीला आली. "अहो, गाडी काढा!"

तेवढ्यात अक्का दूध घेऊन बाहेर आली. तिला कमी दिसायचं आणि ऐकू यायचं ते तिच्या सोयीनं. पाहुणा येणार तो लहान, एवढंच तिनं डोक्यात ठेवलं होतं. तिनं सशाचं चित्र असलेला पेला त्याच्या हातात दिला. "घे बाळा, पिऊन टाक. प्रवासानं दमला असशील." तो मुकाट्यानं दूध प्यायला. मिशीवर पांढरी रेघ उमटली. ती अक्कानं पदरानं पुसली.

मग चष्मेवाले, बायको आणि पाहुणा असे तिघं छोट्याशा गाडीतून स्टेशनवर गेले. पाहुणा पुढे बसला, गुडघे हनुवटीला लावून; पेटी मागे बायकोच्या शेजारी. त्याला वाटलं, आपल्याला सरावाच्या हॉलवर नेताहेत. रस्ताभर तो बोटं मांडीवर नाचवत होता.

स्टेशनमास्तर मोठा सज्जन माणूस. त्यानं बायकोला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"ते नाही माहीत."

"दिसायला कसं आहे?"

"अजून पाहिलेलं नाही."

मास्तरनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "बाई, न पाहिलेलं मूल तुम्ही हरवलंत कसं?"

"मी नाही हरवलं! यांनी!" तिनं पाहुण्याकडे बोट दाखवलं.

आपल्याला काहीतरी विचारताहेत हे पाहुण्याच्या ध्यानात आलं. त्याला इथल्या भाषेतली तीनच वाक्यं येत होती. "धन्यवाद" आणि "फार सुंदर" इथे चालण्यासारखं नव्हतं. म्हणून तो तिसरं म्हणाला, "मी हरवलो आहे."

"हे बरंय," मास्तर म्हणाला. "निदान एकाचा तरी पत्ता लागला."

अखेर चष्मेवाल्यांना सुचलं आणि त्यांनी समितीच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "पाहुणा पोचला ना? मग ओरडताय कशाला?"

"अहो बाई, तुमच्या छोट्या गटाला दाढी आहे!"

पलीकडे कागदांची चाळवाचाळव झाली. मग बाईंचा आवाज खाली आला. "अगं बाई. एकाच देशाचे, एकाच आडनावाचे दोघं होते. एक मुलगी आणि एक हे. गाडीवाल्यांना नावं मीच वाचून दाखवली. म्हणजे पोरगी गेली हॉटेलात!"

"पण वाचताना एवढी चूक?"

"न होऊन सांगते कुणाला? माझा चष्मा चार दिवस तुमच्याच दुकानात पडलाय!"

बायकोनं चष्मेवाल्यांकडे असं पाहिलं, की त्यांना तिथल्या तिथे ती काडी बसवून द्यावीशी वाटली.

हॉटेलच्या खोलीत मुलगी सापडली. दोन वेण्या, अंगात हॉटेलचा पायघोळ पांढरा झगा, त्यातून डोकावणारा खरचटलेला गुडघा. मऊ खुर्चीत बसून ती आइस्क्रीम खात होती. आगगाडीनं तिच्याबरोबर आलेल्या शिक्षिका बाकीच्या मुलांना घरोघर पोचवायला गेल्या होत्या. ही ठरल्या घरी पोचली असं समजून त्या निश्चिंत होत्या. मुलीला शाळेत इथली भाषा शिकवत होते, त्यामुळे सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

"चल बाळा, घरी जाऊ," बायको तिला जवळ घेत म्हणाली.

"नाही. इथे बाथटब आहे."

"आमच्याकडे चांदण्यांची चादर आहे."

मुलीनं क्षणभर विचार केला. "बाथटब मोठा आहे."

मग दाढीवाला तिच्याशी आपल्या भाषेत बराच वेळ बोलत राहिला. बोलताना त्याची नजर लिफ्टकडे होती. मुलीनं चमचा खाली ठेवला आणि शहाण्यासारखं सांगितलं, "तो म्हणतो, त्याला हॉटेल नको. हॉटेलात त्याला झोप येत नाही. लिफ्ट वर जाते, खाली येते, हा मोजत बसतो. सकाळी हात कापतात. मागच्या स्पर्धेत हा स्टेजवर बसला आणि न वाजवताच उठून गेला. आता पुन्हा तसं झालं तर अकॉर्डियन सोडणार, म्हणतो." मग तिनं जोडलं, "त्याला तुमच्या घरातलं दूध आवडलं."

एवढा मोठा माणूस मान खाली घालून उभा होता. चष्मेवाल्यांना गलबलून आलं. "राहू दे की गं त्याला," ते म्हणाले.

"आणि हिला? पोर हॉटेलात एकटी राहणार? नियम आहे!"

"मग तू राहा हिच्याजवळ."

हे चष्मेवाले अगदी सहज बोलून गेले. बायको "भलतंच काय!" म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. बायकोनं एकदा बाथरूममध्ये डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "माझे दोन चांगले कपडे पाठवून द्या."

घरी अक्काला कुणी काही समजावलं नाही; समजावून उपयोगही नव्हता. तिच्या लेखी पाहुणा जरा वाढाळू मूल होता. ती त्याला भाजी संपवायला लावायची, सराव करताना समोर बसून विणायची आणि नऊ वाजले की दिवा बंद करायची. तो लेकीच्या आखूड पलंगावर तिरका झोपायचा, पाय स्टुलावर. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून घोरणं ऐकून अक्का खूश झाली. "घरात माणूस आहे असं वाटतंय," ती म्हणाली. जेवताना आता चमच्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, कारण अक्का पाहुण्याला अख्खं खानदान सांगत होती आणि तो प्रत्येक चुलत्यामागे "फार सुंदर" म्हणत होता.

तिकडे हॉटेलात, एरवी घरात शिस्तीसाठी गाजलेली बायको फोनवर सांगायची, "आज येत नाही हो, पोरीचा सराव चाललाय." मागून पाणी उडाल्याचे आणि दोघींच्या खिदळण्याचे आवाज यायचे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी छोटा गट होता. मुलीनं झोकात सुरुवात केली; पण मधल्या संथ जागी अकॉर्डियनच्या भात्याबरोबर तिचं तोंडही उघडलं आणि तिनं सगळ्या सभागृहासमोर लांबलचक जांभई दिली. लोक हसले. तीही हसली आणि रचना ठसक्यात पुरी केली. बक्षीस मात्र गेलं.

"माझंच चुकलं," बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "रात्री तो दुसरा सिनेमा लावायला नको होता."

"तिसरा, मावशी," मुलगी म्हणाली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. तिला फारसं दुःख झालेलं दिसत नव्हतं.

दुपारी दाढीवाला स्टेजवर आला. बसला. पट्टे खांद्यावर चढवले, बोटं सुरांच्या पट्ट्यांवर ठेवली. भाता उघडेना. सभागृह वाट पाहत होतं. एक परीक्षक खाकरला. दाढीवाल्याच्या कपाळावर घाम आला, आणि त्याची नजर बाहेर जायच्या दाराकडे वळली. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"अरे बाळा!" तिसऱ्या रांगेतून अक्काचा खणखणीत आवाज आला. ती उभी राहिली होती. "कसली घाई आहे? दमानं घे. आम्ही कुठे जात नाही!"

सभागृहात हशा पिकला. मुख्य परीक्षकांनी घंटी वाजवली. त्या उंच, करारी बाई होत्या. "स्पर्धकाला प्रेक्षकांतून सूचना? हे नियमात बसत नाही. त्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"जे सांगितलं ते त्याला कुठे कळलंय?" अक्का म्हणाली. "चार दिवस मी त्याला माझ्या सुनेची गाऱ्हाणी सांगतेय. मला सूनच नाही, हेसुद्धा त्याला कळलेलं नाही."

मुलगी बाकावर चढली. "खरंय! त्याला भाषा येत नाही. तीनच वाक्यं येतात."

परीक्षक स्टेजकडे वळल्या. "तुम्हाला या बाईंचं बोलणं समजलं का?"

दाढीवाल्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "मी हरवलो आहे."

आता परीक्षकांनाही हसू आवरेना. त्यांनी घंटी बाजूला सारली आणि हातानंच 'चालू द्या' अशी खूण केली. दाढीवाला अक्काकडे बघत होता. ती अजून उभीच होती, हातात विणकाम. त्याचे खांदे खाली आले. भाता हळूच उघडला, जणू कुणी झोपेतून उठून दीर्घ श्वास घ्यावा तसा; आणि मग तो वाजवत सुटला. मध्ये एके ठिकाणी बोट घसरलं. तो थांबला नाही. शेवटचा सूर विरला तेव्हा सगळ्यांच्या आधी अक्कानं, विणकाम काखेत धरून, टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांची बायको मुलीच्या फ्रॉकला डोळे पुसत होती.

त्याला तिसरं बक्षीस मिळालं. अक्का त्याला घेऊन घरी गेली, कारण संध्याकाळच्या गाडीनं त्याला निघायचं होतं आणि त्याआधी दोन घास खायला हवे होते. चष्मेवाले आणि बायको मुलीला तिच्या शिक्षिकेच्या हवाली करून, हॉटेलातली पिशवी घेऊन अंधार पडता पडता घरी पोचले.

"स्टेशनवर जायचं राहूनच गेलं," बायको जिना चढताना हळहळली. "गेला असेल आता. नीट निरोपसुद्धा घेता आला नाही."

दार किलकिलं झालं. फटीत अक्का, ओठांवर बोट.

"हळू!"

"का? गाडी गेली ना त्याची?"

"गाडी गेली," अक्का कुजबुजली. "पण तो कुठे गेलाय? जेवून जरा आडवा झाला तो झालाच. इतकं शांत झोपलेलं लेकरू कोण उठवणार? मला नाही धीर झाला."

आतून संथ, एका लयीत घोरणं ऐकू येत होतं. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

"अगं अक्का, पण मग आता तो जाणार कसा?" चष्मेवाले पुटपुटले.

"जाईल उद्या. नाहीतर परवा," अक्का म्हणाली. "तुम्ही आधी बूट काढून हातात घ्या आणि मग आत या."